काही नको असतं, तरी माणसं फ्लर्ट का करतात?

मॅचिंगवाली

साताऱ्यात माझं मॅचिंग सेंटर आहे. अस्तर, रुबिया, फॉल-पिको, परकराचं कापड, लेस. दुकानाला १८ वर्षं झाली. माझं वय ४७, लग्नाला २५ वर्षं, नवरा चांगला आहे, शेजारच्याच गल्लीत त्यांचं टू-व्हीलरचं गॅरेज आहे. (हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पहिले चार प्रतिसाद त्यावरच येतील.)

दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी इचलकरंजीहून कापडाचे एक एजंट येतात. पन्नाशीचे असतील. शेड कार्ड उघडलं की आधी चिंतामणी रंगाची पट्टी दाखवतात. म्हणतात, "वहिनी, हा रंग नाव घेऊन मागणारी गिऱ्हाइकं फक्त तुमच्याकडं. बाकी सगळीकडं 'तो निळा द्या'." मी म्हणते, "माल खपवायला बोलताय." ते म्हणतात, "माल काय, कुठंही खपतो. असा चहा कुठं मिळतो?" झालं, एवढंच. सात वर्षं हेच चाललंय. त्यांचा नंबर आहे माझ्याकडे, पण ऑर्डर सोडून एक मेसेज इकडून नाही की तिकडून नाही.

लेक कोल्हापूरला झूऑलॉजीत एम.एस्सी. करते. सुट्टीत आली होती, गल्ल्यावर बसली होती. एजंट गेले तशी म्हणाली, "आई, तू फ्लर्ट करत होतीस." मी भडकले. ती शांतपणे मोजायला लागली, "केस तीनदा कानामागं घेतलेस. मान तिरकी करून हसलीस. आणि नको असलेले सहा तागे घेतलेस."

रात्री शटर ओढल्यावर मी एकटीने दुकानातल्या सीसीटीव्हीचं फूटेज लावलं. आवाज नसतो त्यात. केस तीनदा नाही, चारदा. शिवाय मी शेड कार्डवर बोट ठेवून ते तसंच ठेवलंय, रंग बघून झाल्यावरही.

आता माझा प्रश्न. याला मराठीत शब्द शोधायला गेले तर सापडेना. 'लाईन मारणे' एकतर्फी, आणि तेही कट्ट्यावरच्या पोरांचं. 'छेड काढणे' हा तर गुन्हा. 'लाडीगोडी' काम काढून घ्यायला लावतात. 'थट्टामस्करी' म्हणावं तर ती मी पोस्टमनशीही करते, तिथे केस कानामागे जात नाहीत. लेक म्हणते जनावरांत हे सगळं शेवटी पिल्लांसाठी असतं. मला पिल्लं नकोत, एजंट नकोत, तागेही नको होते. मग त्या पंधरा मिनिटांत मी नक्की काय करत होते?

खोपा

ताई, फूटेज बघितलंत हे झकास केलंत. या विषयाचा अभ्यासही बराचसा असाच, चोरून केलेल्या चित्रणातून झाला. आयब्ल-आयबेस्फेल्ट नावाचा ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ १९६०च्या दशकात देशोदेशी कॅमेरा घेऊन फिरला. कॅमेऱ्याच्या भिंगाला आरशाची जोड होती. वाटायचं समोरचं चित्रण करतोय, आणि टिपला जायचा बाजूचा माणूस. पार सामोआ बेटांपासून आफ्रिकेपर्यंत त्याला पोरींची तीच तऱ्हा दिसली: हसणं, भुवया झटकन वर, मग पापण्या खाली, तोंड वळवणं, आणि पुन्हा हळूच एक नजर. भुवया उडतात त्या सेकंदाच्या सहाव्या हिश्शाइतक्या वेळात. करणाऱ्यालाही कळत नाही, त्यामुळे तुम्ही चिडलात ते बरोबरच. गंमत म्हणजे जपानमध्ये मोठी माणसं भुवयांचं हे उडणं आवरतात, तिथे ते अशिष्ट समजलं जातं. म्हणजे यंत्र सगळीकडे एकच, झाकण कुठे घालायचं ते गाव ठरवतं.

तुमच्या लेकीची मोजणीही जुनी विद्या आहे. अमेरिकेत मोनिका मूर या बाईंनी बारमध्ये बसून बायकांच्या अशा हालचाली टिपल्या आणि १९८५ साली ५२ हालचालींची यादी छापली. केसांतून हात फिरवणं त्यात आहे, मान वाकडी करणंही आहे. आणि त्यांना आढळलं ते असं, की बाई किती देखणी आहे त्यापेक्षा ती किती खुणा करते त्यावर पुरुष उठून येतात की नाही हे जास्त ठरतं. पहिलं पाऊल पुरुषाचं, हे नुसतं दिसायला.

मी फलटणकडे २२ वर्षं आठवी-नववीला विज्ञान शिकवतोय. पावसाळ्यात पोरांना विहिरीवर नेतो, बाभळीला सुगरणीचे खोपे लोंबत असतात ते दाखवायला. सुगरण म्हटलं की सगळ्यांना ती मादीच वाटते. विणतो तो नर. डोकं पिवळंधमक झालेलं असतं त्याचं. गवताची पाती ओरबाडून आणायला ५००पर्यंत खेपा, पुरा खोपा व्हायला १८ दिवसांच्या आसपास. पण लबाड पुरा बांधतच नाही. उलट्या टोपीएवढा झाला की थांबतो, त्याला लटकून पंख फडफडवत ओरडत सुटतो. मादी येते, आत शिरते, काड्या ओढून बघते, आणि पुष्कळदा निघून जाते. पसंत पडला तरच खालची नळी विणली जाते. दरवर्षी एखादी मुलगी विचारते, "सर, नाही आवडलं तर?" मी झाडावरचे अर्धवट लटकलेले खोपे दाखवतो.

म्हणजे जीवशास्त्र एवढंच सांगतं की हे चाचपणीचं यंत्र आहे. अर्धा खोपा दाखवायचा, पुरा नाही. कारण पुऱ्यात खर्च फार.

आता तुमचा खरा प्रश्न, काहीच नको असताना का? मांजराचं पोट भरलेलं असलं तरी तुमच्या दुकानातलं दोऱ्याचं रीळ घरंगळलं तर ते धावणारच. त्यासाठी भूक असावी लागत नाही, नुसतं घरंगळणं पुरतं. शिवाय मेंदूला खात्रीचं फारसं कौतुक नसतं. माकडांवरचा २००३ सालचा एक प्रयोग आहे: रसाचा थेंब मिळणार की नाही ही शक्यता निम्मी-निम्मी असते, तेव्हा वाट बघण्याच्या त्या क्षणांत मेंदूतल्या डोपामिन या रसायनाच्या पेशी सर्वांत जास्त चाळवतात. नक्की मिळणार असेल तर नाही, नक्की मिळणार नसेल तरीही नाही. तुमचा दुसरा मंगळवार असाच निम्मा-निम्मा आहे.

उगाच_एक

नको असलेले सहा तागे गेले म्हणजे शीर्षक निम्मं चुकलंय. काही नको होतं ते तुम्हाला. एजंटांना ऑर्डर हवी होती. हलके घ्या.

मॅचिंगवाली

घेतलं. चार खपले, दोन उरलेत. आमसुली आहेत, कुणाला हवे असल्यास सांगा.

खोपा

उगाच_एक यांचा विनोद शास्त्राला धरून आहे बरं का. हेनिंगसेन नावाच्या संशोधकाने २००४ साली फ्लर्ट करण्यामागचे सहा हेतू मांडले. शरीरसंबंध हा त्यातला फक्त एक. बाकीचे: नातं पुढे नेणं, चाचपून बघणं, निव्वळ मजा, स्वतःबद्दल बरं वाटणं, आणि काम काढून घेणं. ताईंचे मजेचा आणि बरं वाटण्याचा, एजंटांचा काम काढून घेण्याचा. एकाच चहात.

गोदाकाठ

मॅचिंगवालीताई, शब्द नाही कसा? 'खडा टाकून बघणे' आहे की. पाण्यात खडा टाकला की खोलीचा अंदाज येतो, आणि टाकला कुणी ते कुणाला विचारत बसत नाही. आपल्या भाषेत या प्रकाराला नाम नाही, क्रियापद आहे, एवढाच फरक.

मी पैठणचा. शाळेत अर्धमागधी शिकवून निवृत्त झालो, त्यामुळे खोपा सरांच्या माकडांपुढे मी माझी प्राकृत माणसं उभी करणार. हाल सातवाहन या राजाच्या नावावर असलेली गाथासप्तशती आमच्या गोदाकाठची. माहाराष्ट्री प्राकृतातल्या सातशे गाथा, बहुतेक सगळ्या प्रेमाच्या आणि शेतावरच्या, पाणवठ्यावरच्या साध्या माणसांच्या. त्यातली एक तुमच्या दुकानाचीच आहे. पाणपोईवर एक बाई वाटसराला पाणी घालतेय. त्याने ओंजळ धरलीय, पण बोटं फाकवून, म्हणजे पाणी गळत राहील आणि पिणं लांबेल. पितापिता डोळे वर, तिच्याकडे. आणि ती? ती आधीच बारीक असलेली धार आणखी बारीक करते.

संपली गाथा. पुढे काही नाही. त्याचं नाव नाही, गाव नाही, लग्न नाही, पळून जाणं नाही. पाणी पिऊन तो बहुधा चालता झाला असणार. मुलांना शिकवताना मी ओंजळ करून दाखवायचो आणि मागचा बाक खाली बघायचा. त्यांना बरोबर कळलेलं असायचं.

दुसरी गाथा जास्त धीट आहे. घरात मुक्कामाला आलेल्या वाटसराला सून सांगते, इथे सासू झोपते, इथे मी. उजेड आहे तोवर बघून ठेव. तू रातांधळा, आमच्या अंथरुणावर येऊन पडशील नाहीतर. वाच्यार्थ मनाईचा, पण ऐकणाऱ्याला मिळतो तो चक्क नकाशा. काश्मीरच्या आनंदवर्धनाने नवव्या शतकात ध्वनीचा, म्हणजे न बोलता सुचवलेल्या अर्थाचा, सिद्धांत मांडताना हीच गाथा उदाहरणाला घेतली. सासूने ऐकलं तरी सून निर्दोष, वाटसराला नसलं कळून घ्यायचं तर तोही निर्दोष. म्हणून मला वाटतं ताई, तुम्ही त्या पंधरा मिनिटांत काही मागत नव्हता. मागितलेलं परत घेता येईल अशा रीतीने बोलत होता. त्यातच सगळी चव आहे.

दाजी_तासगाव

सर, गाथा भारी. पण गोदाकाठावरनं जरा कृष्णाकाठाला या. आमच्याकडं कुणी कुणाशी असं बोलावं याचं गावानं आधीच कोष्टक करून ठेवलंय.

मी बारका असताना मामाच्या गावाला गेलो की मामी दारातनं ओरडायची, "आलं गं जावई!" मामाची पोरगी आत पळायची, मी बुटाची लेस सोडत बसायचो, बराच वेळ. सगळं घर हसायचं. मामाची पोरगी आमच्याकडं चालते, म्हणून तिच्याशी थट्टा चालते. इरावती कर्व्यांनी १९५३ सालच्या पुस्तकात भारतातल्या नात्यांची मांडणी केली, तिच्यात महाराष्ट्रातली ही मामेबहिणीची सोयरीक आहे. उत्तरेत ती सरळ बहीण, तिथं असलं बोललं तर मार खाशील. वहिनी-धाकटा दीर, मेव्हणी-दाजी यांचंही तेच, बोलायला मुभा. सासरा आणि सून? समोरनं जाताना पदर सारखा. रॅडक्लिफ-ब्राऊन म्हणून एक इंग्रज मानववंशशास्त्रज्ञ होता, त्यानं १९४०ला अशा थट्टेच्या नात्यांवर लिहिलंय. जिथं जवळीक होऊ शकते आणि भांडणही होऊ शकतं, तिथं थट्टा घालून ठेवायची म्हणजे दोन्हीची वाफ जाते, असं काहीसं म्हणणं.

जत्रेतल्या तमाशात गणानंतर गवळण लागते तीही मला यातलीच वाटते. गवळणी मथुरेच्या बाजाराला निघालेल्या, किसनदेव आणि पेंद्या वाट अडवून बसलेले, आणि मावशी (पुरुषच असतो तो, मिशी काढलेला) मध्ये पडून दोघांनाही चढवून सोडणार. अख्खं गाव बायकापोरांच्या देखत नाही म्हटलं तरी हसून घेतं. आपल्याला करता येत नाही ते समोर कुणी तरी करतंय.

मामाच्या पोरीचं पुढं काय झालं विचारू नका. तिचा नवरा माझा चांगला मित्र आहे. नाव दाजी असलं तरी मी तिच्या धाकट्या बहिणीचा दाजी नाही.

तळमजला

धागा गोड चाललाय, मी जरा मीठ टाकते.

पुण्यात एका कंपनीत आहे. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्याने दहा किंवा जास्त माणसं जिथे काम करतात तिथे अंतर्गत समिती लागते, तिची मी चार वर्षं सदस्य आहे. समितीत ऐकलेलं बाहेर सांगायचं नसतं आणि मी सांगणारही नाही. पण "मी तर नुसती गंमत करत होतो" हे वाक्य ऐकलं की आता माझ्या कपाळावर आपोआप आठी येते. ते म्हणणारा नेहमी खोटं बोलत असतो असंही नाही. हेजलटन आणि बस या दोन संशोधकांनी २००० साली मांडलंय की बाईच्या साध्या हसण्यात पुरुषाला रस दिसण्याची चूक जास्त होते, कारण उत्क्रांतीच्या हिशोबात संधी हुकणं महाग, आणि नसलेली संधी दिसणं स्वस्त. तो हिशोब त्याचा झाला. ती चूक निस्तरायचा खर्च पडतो बाईवर, तो या हिशोबात कुठे धरलाय?

खोपा सर, सुगरणीचा नर मादीच्या पगारवाढीवर सही करत नाही. ती उडून जाऊ शकते. गोदाकाठ काकांची पाणपोईवाली धार बारीक करू शकते तशी जाडही करू शकते, भडाभडा ओतून त्याला वाटेला लावू शकते. साहेबाने खडा टाकला की हाताखालच्या मुलीसाठी त्याचा धोंडा होतो, कारण तिला तो पडलाच नाही असं दाखवायची सोय नसते. आणि नकार स्पष्ट दिल्यावरही पुन्हापुन्हा संपर्क साधत राहणं हे आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८मध्ये पाठलाग म्हणून बसतं, जुलै २०२४पासून. आधी भारतीय दंड संहितेत ते ३५४ ड होतं.

स्वतःचं एक सांगते. दुसऱ्या टीमचा एकजण लिफ्टमध्ये म्हणाला, "आज निळा?" कुडत्याबद्दल. मी मोबाईलमधून मान वर केली नाही, चौथ्या मजल्याला उतरले. त्याने पुन्हा कधी रंग काढला नाही. दुसऱ्या दिवशी "गुड मॉर्निंग" तेवढं पूर्वीसारखं म्हणाला. आज दोन वर्षांनी आम्ही एका टेबलावर डबा खातो, त्याच्या आईची कारळ्याची चटणी निम्मी मीच संपवते. त्याने विचारलं ते मला खटकलं नाही, आणि मी उत्तर दिलं नाही ते त्याला लागलं नाही. मॅचिंगवाली, तुझ्या फूटेजमध्ये मी एकच बघितलं असतं: तू बोट उचललंस तेव्हा त्यांनी शेड कार्ड मिटलं का?

मॅचिंगवाली

तळमजला, तुझं वाचून पुन्हा फूटेज काढलं. महिनाभराचं राहतं, नशीब. मी बोट उचललं, त्यांनी लगेच पुढची पट्टी उलटली. माझ्याकडे बघत नव्हते, कार्डाकडे बघत होते. बरं वाटलं आणि थोडं वाईटही वाटलं. आता हे वाईट का वाटलं त्याचा वेगळा धागा काढावा लागेल.

दाजी, तुम्ही लेस सोडत बसायचात ते वाचून मी दुकानात एकटीच हसले. गिऱ्हाईक म्हणालं, काय झालं?

गोदाकाठ काका, ती पाणपोईची गाथा मी रात्री जेवताना यांना मोबाईलवरून वाचून दाखवली. यांनी भाकरी मोडता मोडता "हं" केलं. कुठलंही वाचून दाखवलं तरी हे "हं"च करतात, गॅसची सबसिडी असो की गाथा असो. एजंटांचं मात्र वाचून दाखवलं नाही. ते यांना माहीत आहेत, यांनी त्यांची गाडीही दोनदा दुरुस्त करून दिलीय, तरी नाही वाचलं.

काल संध्याकाळी हे गॅरेजातून आले. ग्रीसचे हात, नळाला पाणी नव्हतं, म्हणून मागच्या मोरीपाशी मी तांब्याने पाणी घालत होते. रोजच घालते. यांनी साबण लावला, ओंजळ धरली आणि बोटं फाकवली. वर माझ्याकडे बघतात. चेहरा अगदी सरळ, जसं काही कार्बोरेटर साफ करतायत.

मी म्हटलं, "नीट चोळा, नखात काळं तसंच आहे." आणि धार बारीक केली. मग बादली संपली.

लेकीला फोनवर सांगितलं तर ती किंचाळली, आई हे मला सांगू नकोस.

येत्या मंगळवारी एजंट यायचेत. केस क्लचरमध्ये अडकवायचे की नाही ते अजून ठरवलं नाही. चिंतामणी संपत आलाय, लग्नसराई तोंडावर आहे, ऑर्डर तर द्यावीच लागणार.